एकतीस नंबरचं कासव

ता. ६ जानेवारी

चि. मास्तरीणबाई हिस आजीचे अनेक उ. आ.

वि. वि. तुझी पाटी सुरू झाली. सुट्टी संपवून निघताना तू ती काळ्या कव्हरात घालून माझ्या कपाटावर ठेवलीस आणि सांगितलंस की ही तुझी जुनी, आता माझी, फोटो बघत बसायचे. काचेची वस्तू म्हणून मी बरेच दिवस हात लावला नाही. काल तुझ्या मामाने ती उघडली, घरातल्या वायफायला जोडली आणि कामावर निघून गेला. बघते तर फोटो एकही नाही. फोटोंच्या जागी कासव. म्हटलं असू दे. फोटो माझेच होते, मी कशी दिसते ते मला माहीत आहे.

कासव हिरवं आहे आणि त्याच्या पाठीवर दप्तर आहे. गणित बरोबर आलं की ते एक पाऊल पुढे टाकतं, चुकलं की मान आत ओढून घेतं. तुझे आजोबा मी काही विचारलं की अगदी असंच करायचे, त्यामुळे मला सवय आहे.

माझी शाळा दुसरीत सुटली. म्हणजे मी सोडली नाही, धाकट्या भावंडांना सांभाळायला मला घरी ठेवली. कासवाने मला पहिलीपासून बसवलं हे त्याचं मला आवडलं. उगाच वरच्या वर्गात ढकलून चारचौघांत फजिती केली नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला दाखवलं, तर तो विचारतो की आता या वयात गणित शिकून काय करणार. मी त्याला म्हटलं की तू लहानपणी शिकला असतास तर माझ्या कोटाच्या दोन्ही बाह्या एका लांबीच्या झाल्या असत्या. तो हसला, पण बाही तशीच आहे.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मामा शेजारी उभा राहून आटप म्हणतो. पत्राला कोणी आटप म्हणत नाही.

तुझ्या नोकरीचं काय ते कळव. सत्र संपताना कायम करतात की नाही ते ठरवणार होते ना? मला त्याचीच काळजी लागून राहिली आहे. तू भाड्याच्या खोलीत एकटी, त्यात उभ्याउभ्या जेवतेस. मी बघितलंय.

कळावे. पातळ झालीस तर मला चालणार नाही आणि माया पातळ केलीस तर मुळीच चालणार नाही.

तुझी,
आजी


ता. १४ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं, बसून. फोटो कुठेतरी आत गेले असतील, पुढच्या वेळी आले की शोधून देते. त्या जुन्या टॅबवर मी शाळेचे गणिताचे पाठ तपासून बघायचे, म्हणून त्यात कासव आहे. खुशाल खेळ. काही मोडत नाही.

नोकरीचं अजून लटकलेलंच आहे. आमच्या शाळेला या वर्षी प्रत्येक मुलामागे एक टॅब मिळाला. आता वरून विचारणा आली आहे की गणिताच्या तासाला टॅब वापरण्याबद्दल प्रत्येक शिक्षकाने आपलं मत लेखी द्यावं. मोठ्या बाईंनी सभेत सांगितलं की मत मोकळेपणाने द्यावं, आणि लगेच पुढे सांगितलं की ते अनुकूल असावं. मतं घेऊन तपासणीचे साहेब स्वतः येणार आहेत आणि माझ्या कायम होण्याच्या कागदावर सहीही तेच करणार आहेत.

शिक्षकांच्या खोलीत यावरून दोन तट पडलेत. आमच्या सगळ्यांत जुन्या बाई, ज्यांना मुलं पाठीमागे खडूबाई म्हणतात, त्यांनी आपले सगळे टॅब एकावर एक रचून त्यावर कुंडी ठेवली आहे. त्यांचं म्हणणं, मुलाचं बोट काचेवर घसरतं आणि डोकंही. दुसऱ्या टोकाला बॅटरी सर. ते गेल्या वर्षीच लागले. त्यांचं म्हणणं, फळा ही एक सवय आहे, सुटेल. परवा वीज गेली तेव्हा ते वर्ग घेऊन मैदानावर गेले आणि वीज येईपर्यंत मुलांकडून कवायत करून घेतली.

मी मध्ये होते. माझ्या तिसरीत एक मुलगी आहे. अक्षर इतकं बारीक काढते की मी तिला मुंगी म्हणते. फार सावकाश, पण विचार करणारी. सगळ्यांची कासवं पहिलीच्या उजळणीपासून निघतात; टॅब घेतला की ती पडद्याकडे बघत बसायची आणि बाकीची पुढे निघून जायची. म्हणून माझं मत प्रतिकूल होत चाललं होतं. तेवढ्यात सुट्टीच्या आधी ती जिन्यावरून पडली, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, तेव्हापासून घरी आहे. आणि आता चमत्कार बघ! तिचा टॅब माझ्या कपाटात कुलपात आहे, पण ते पाठ फोनवरही उघडतात, वडिलांच्या फोनवर करत असणार. ती घरी पडल्यापडल्या धडाधड पुढे चालली आहे. कोणाचं कासव कुठे पोचलं ते शाळेच्या पडद्यावर दिसतं. तिचं सगळ्या शाळेच्या पुढे आहे. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी तिच्याबद्दल सांगितलं आणि सांगताना चष्मा पुसला.

मी मत बदललं. तिचं उदाहरण घालून अनुकूल मत लिहिलं आणि काल देऊनही टाकलं. बरं वाटतंय.

लोभ आहेच, तो वाढवण्याची गरज नाही, आहे तेवढाच मला पुरून उरतो.

तुझी,
नात


ता. २१ जानेवारी

चि. मास्तरीणबाई हिस आजीचे अनेक उ. आ.

वि. वि. आधी आनंदाची बातमी. मी तिसरी पास झाले! मामीने माझ्यासाठी केक आणला. माझ्या जन्मात मला कोणी पास झाल्याचं खायला घातलं नव्हतं, म्हणून दोन तुकडे खाल्ले.

तुझी मुंगी हुशार निघाली हे वाचून मला भरून आलं. पाय मोडला तरी पोरगी थांबली नाही. तिला सांग की इथे एक म्हातारी तिच्या बरोबरीने चालली आहे. ती पुढे आहे का मी पुढे, ते एकदा बघायला हवं.

तुमच्या त्या दोन तटांचं वाचलं. खडूबाईंना सांग की बोट घसरतं हे खरं आहे. मी आधी बोट ओलं करून बघितलं, मग शिंप्याने सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान दिलं, त्याने काहीच होईना. आता कोरड्या बोटाने दाबते. बॅटरी सरांना सांग की पाटी उत्तम आहे. मला मुळीच ओरडत नाही. आमचे मास्तर उत्तर चुकलं की कान धरायचे, हे कासव स्वतःचीच मान आत घेतं.

आता तुला माझी रीत सांगते, तुझ्या मुलांना उपयोगी पडेल. वर प्रश्न येतो. तो लांबलचक असतो, त्यात कोणीतरी काहीतरी वाटत असतं. तो वाचायची गरज नाही. खाली चार चौकोनांत चार उत्तरं असतात. पहिलं दाबायचं. कासवाने मान आत घेतली तर दुसरं दाबायचं. तेही नाही तर तिसरं. चौथ्याच्या पुढे कासवाला पळायला जागाच नाही. मग ते पाऊल टाकतं आणि टाळ्या वाजतात. या रीतीने मी सकाळचा चहा होईपर्यंत एक धडा संपवते. हल्ली दुपारी शिंपी येतो. तो तिसऱ्या चौकोनापासून सुरुवात करतो, मी पहिल्यापासून. यावर आमचा वाद आहे. त्याचं म्हणणं, बरोबर उत्तर मध्ये लपवतात. मला ते पटत नाही, पण त्याचंही मत असावं.

एक गंमत राहिलीच. धडा संपला की पाटीतून एक बाई बोलते. ती मला शाब्बास एकतीस म्हणते. आधी वाटलं माझं वय विचारून घेतलं असेल आणि ऐकण्यात गफलत झाली असेल. मी सत्तरी कधीच ओलांडली. पण एकतीस म्हणते तर म्हणू दे, कोण नको म्हणेल. पाटीच्या मागेही ३१ असं चिकटवलं आहे. मामा म्हणतो तो मापाचा आकडा असेल.

तुझं मत देऊन झालं हे बरं झालं. आता साहेब आले की नीट केस विंचर.

कळावे. जीव लावत राहा, मी तर लावूनच बसले आहे.

तुझी चौथीतली,
आजी


ता. २५ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळायच्या थोडा वेळ आधी मला सगळं कळलं होतं. पत्राने उरलंसुरलं कळलं.

मुंगी आज शाळेत आली. प्लॅस्टर निघालं, थोडी लंगडते. मी कपाटातून तिचा टॅब काढून दिला. तिने तो उघडला आणि बराच वेळ बघत राहिली. मग मला हळूच सांगितलं की यात माझं कासव सापडत नाही, एक आजी जांभई देत आहेत. तो माझा जुना टॅब होता, आजी. सुट्टीत तिचाही सांभाळायला सोबत आणला होता, दोन्हींची कव्हरं काळी. मी आपला शाळेत आणला आणि तिचा तुझ्या कपाटावर ठेवला. ती एकतीस आहे. तिचा हजेरीचा नंबर.

मी तिला विचारलं की घरी वडिलांच्या फोनवर काही सोडवलंस का. ती नाही म्हणाली, त्यांचा फोन नुसता बोलायचा आहे. मग इतके दिवस सगळे फोन करून तुझं कौतुक करत होते तेव्हा बोलली का नाहीस, असं विचारलं. तिचं उत्तर असं की मोठी माणसं आनंदात होती आणि तिला कोणी प्रश्न विचारलाच नव्हता.

पुढचं ऐक. साहेब शुक्रवारी येत आहेत. मुंगीचा सत्कार ठरला आहे. माझ्या मतात तिचं उदाहरण वाचून साहेबांना इतकं आवडलं की ते तिला सगळ्यांसमोर चौथीचं एक गणित फळ्यावर घालणार आहेत. बॅटरी सरांना मी हे सांगितलं. त्यांनी सुचवलं की गणित कोणतं ते आधी काढून घेऊ आणि पोरीकडून पाठ करून घेऊ, कोणाला कळणार नाही. खडूबाईंनी फक्त कुंडीला पाणी घातलं.

खरं सांगितलं तर माझं मत खोटं पडतं आणि साहेबांना वाटेल की कायम होण्यासाठी मीच आकडे फुगवले. नाही सांगितलं तर ती पोरगी फळ्यासमोर उभी राहील आणि ज्याचा तिला पत्ताही नाही त्याचा जाब तिला द्यावा लागेल. हे दुसरं मला जमणार नाही. उद्या मोठ्या बाईंना सांगणार आहे. त्या मानतील की नाही माहीत नाही. तुझ्या पत्रात ती रीत वाचल्यावर आज माझ्या वर्गावर जरा नजर ठेवली. निम्मी मुलं तसंच करतात. दोघी बहिणी तर तिसऱ्या चौकोनापासून.

आजी, आता काही दाबू नकोस.

तुझी,
नात


ता. २८ जानेवारी

चि. मास्तरीणबाई हिस आजीचे उ. आ.

वि. वि. पत्र पोचलं. पाटी मी उशीच्या खोळीत घालून वर गाठ मारली आहे.

तू एकटीने सांगितलंस तर ते तुझं ऐकणार नाहीत. तू शिकलेली आहेस, शिकलेल्या माणसाने सांगितलेल्या गोष्टीत नेहमी काहीतरी डाव असेल असं वाटतं. कासव मी चालवलं. मी येते. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मामा मला बसवून देतो. त्याने मला अडवायचा प्रयत्न केला. मी त्याला सांगितलं की माझी शाळा आहे.

पोरीला फळ्यापाशी उभी करू नका, मी पोचेपर्यंत.

माया राखून ठेव, प्रत्यक्षच घेते.

आजी


ता. ५ फेब्रुवारी

चि. बाळ यास आईचे अनेक उ. आ.

वि. वि. मी तुझ्या भाचीच्या खोलीवर सुखरूप आहे. पलंग मी घेतला, ती खाली झोपते. ती खाली बसूनच जेवते आहे, कारण मी समोर बसते.

तू विचारलंस म्हणून शुक्रवारचं सांगते. शाळा छान आहे, पण बाकं फार लहान. मी पोचले तेव्हा मोठ्या बाई दारातच होत्या. तुझ्या भाचीने त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलंच नाही असं ठरवलं होतं. त्यांनी मला पाहुण्यांच्या खुर्चीकडे नेलं. मी म्हटलं की मी एकतीस नंबर, माझी जागा वर्गात आहे. त्या मुंगीच्या शेजारी जाऊन बसले. पोरगी गोड आहे. तिने माझ्यासाठी दप्तर बाजूला घेतलं आणि मला एक पेन्सिल दिली, टोक केलेली.

साहेब आले. अंगाने बारीक, हातात फाइल, चपळ माणूस. त्यांनी हजेरीवरून एकतीस नंबरला उभं राहायला सांगितलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलमध्ये पाहिलं. मग तुझी भाची पुढे झाली आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं, दोन काळी कव्हरं, कपाट, फोटो, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी तिने सांगितलं की तिने लिहिलेलं मत एका चुकीवर उभं आहे, ते तिला परत हवं आहे, आणि कायम करणं न करणं साहेबांनी यानंतर ठरवावं. मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर काही नव्हतं, मी नंतर बघितलं.

साहेबांना अर्थातच खरं वाटेना. त्यांनी विचारलं की चौथीत पोचलेल्या या आजी असतील तर एक गणित सोडवून दाखवतील का. मी म्हटलं का नाही. फळ्यापाशी गेले. त्यांनी लिहिलं की चोवीस खडू सहा मुलांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती. मी प्रश्नाच्या खाली बघितलं. बाजूला बघितलं. फळ्याच्या मागेही बघितलं. मग साहेबांनाच विचारलं की चार उत्तरं कुठे आहेत.

साहेबांनी विचारलं कसली चार उत्तरं. म्हणून मी त्यांना माझी रीत सांगितली, जशी तुझ्या भाचीला लिहिली होती. शिंप्याचं तिसऱ्या चौकोनाचं मतही सांगितलं, आपल्याकडून अन्याय नको. वर्गातली मुलं एकमेकांकडे बघायला लागली आणि पुढच्या बाकावरच्या दोघी बहिणी एकदम खाली वाकल्या. बॅटरी सरांचं पेन खाली पडलं ते त्यांनी उचललं नाही. खडूबाईंना कसलातरी ठसका लागला आणि त्यांनी डस्टरने तोंड झाकलं. डस्टर बाजूला केलं तेव्हा खडूने पांढऱ्याफटक दिसत होत्या.

मग पोरीने हात वर केला. तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी. तिला मी सोडवू का असं विचारायचं होतं. साहेब हो म्हणाले. तिने फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या रेघा ओढल्या, त्यांना गोल केले, एक गोल चुकला तो बोटाने पुसला, पुन्हा मोजलं. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं. शेवटी तिने चार लिहिलं, इतकं बारीक की साहेबांना वाकावं लागलं.

साहेबांनी तुझ्या भाचीला विचारलं की मग तिचं आजचं मत काय. तिने सांगितलं की टॅबवर तिचा राग नाही, आजी त्याच्यामुळेच इतक्या वर्षांनी गणिताला बसली. पण कासव पुढे गेलं म्हणजे मूल पुढे गेलं असं धरू नये. चार उत्तरं काढून टाकावीत, मुलाने स्वतः लिहावं, आणि ते कुठे अडलं हे बघायला ती शेजारी उभी हवी. टॅब असो की फळा. साहेबांनी हे फाइलच्या पाठीमागे लिहून घेतलं, सही कशावरच केली नाही आणि चहा न घेता गेले.

तिची नोकरी काय होते माहीत नाही. ती घाबरली आहे, पण रात्री गाढ झोपते. मी घोरते तरी.

कळावे. शिंप्याला सांग की खेळ बंद झाला. आणि तुझी आठवण येते, एवढं लिहिलं म्हणजे पुरे.

तुझी आई


ता. २६ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कागद आला. मला कायम केलेलं नाही. काढलेलंही नाही. आणखी एक सत्र बघतील. कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं आहे की शिक्षिकेकडून वस्तू सांभाळण्यात हयगय झाली. ते खरं आहे. त्याच पाकिटात दुसरा कागद होता की सगळ्या टॅबवरची चार उत्तरं बंद करण्यात येत आहेत. मोठ्या बाई माझ्याशी अजून मोजकंच बोलतात, पण काल त्यांनी माझं जुनं मत परत दिलं आणि नवं मागून घेतलं. मोकळेपणाने लिही म्हणाल्या आणि पुढे काहीच म्हणाल्या नाहीत.

खडूबाईंनी कुंडी खाली उतरवली. टॅब अजून उघडलेले नाहीत, पुसले आहेत. बॅटरी सरांनी खडूचा डबा घेतला. मुलांची कासवं सगळी मागे आली आहेत, शाळेचा पडदा बघवत नाही. तास मात्र बरे होतात. मुलं अडतात आणि हाका मारतात, दिवसभर या बाकावरून त्या बाकावर पळते आहे, पाय दुखतात.

माझा जुना टॅब सोबत पाठवते आहे. या वेळी कव्हर लाल घातलंय. तुझ्या नावाने वेगळं कासव घालून दिलंय, तेही पहिलीपासून. रागावू नकोस. प्रश्न वाचावा लागेल.

मुंगीने तुला पत्र लिहिलं आहे, तेही यातच आहे. चष्मा लाव.

मायेचं काय लिहू, तुझ्यामुळे मला अजून एक सत्र सगळे ओळखतील.

तुझी,
नात


ती. आजींस सा. न. वि. वि.

मी खरी एकतीस. माझा पाय आता बरा आहे.

तुम्ही माझं कासव चौथीच्या फाटकात नेलं होतं. तिथले प्रश्न मला येत नव्हते. बाईंनी ते परत तिसरीत आणलं. आता खाली उत्तरं नसतात. मला विचार करायला वेळ लागतो तेव्हा कासव डोळे मिटून बसतं. ते मान आत घेत नाही. बाई म्हणतात त्याला घाई नाही.

तुम्ही माझ्यासाठी साहेबांना थांबवलं ते मी बघितलं.

तुमचं कासव कुठपर्यंत आलं ते कळवा. मागे असलं तर मी थांबते.

तुमची,
मुंगी